मेटफॉर्मिन होतं, मधुमेह नव्हता

चार्ट, म्हणजे अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या वैद्यकीय नोंदी, चौदा पानांचा होता. औषधांच्या यादीत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, १००० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. लॅब रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ८.२. डॉक्टरांच्या नोंदीत गुडघेदुखी, रक्तदाब आणि फ्लूची लस. मधुमेह हा शब्द चौदा पानांत कुठेच नव्हता. आमच्या टीममधली कोडर, म्हणजे नोंदी वाचून आजारांना ठरलेले कोड लावणारी मुलगी, हिने ई११.६५ लावला होता, म्हणजे साखर वाढलेला टाइप २ मधुमेह. मी ऑडिटमध्ये तो काढला आणि शेऱ्यात 'नॉट सपोर्टेड', म्हणजे नोंदीत आधार नाही, एवढंच लिहिलं. शिफ्ट संपल्यावर ती माझ्या डेस्कशी येऊन उभी राहिली.

"मॅम, एचबीए१सी ८.२ आहे. याला मधुमेह म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?"

"काहीच म्हणायचं नाही," मी म्हणाले. उत्तर बरोबर होतं आणि तिच्या काहीही कामाचं नव्हतं. हे कळायला मला तीन महिने लागले.

ही गोष्ट ऑक्टोबर २०२३ची, ऐरोलीतल्या आमच्या फ्लोअरवरची. मी रिस्क अ‍ॅडजस्टमेंटच्या टीममध्ये ऑडिटर आहे, म्हणजे कोडरचं काम तपासते. तिच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नाव आणि कंपनी देत नाही, आणि चार्टचे तपशील कोणाची ओळख पटणार नाही असे बदलले आहेत. ती बीएचएमएस, त्यामुळे फ्लोअरवर सगळे तिला डॉक्टर म्हणत. इथेही मी डॉक्टरच म्हणते, कारण या प्रकरणाची गाठ त्या हाकेतच आहे.

डॉक्टर कळव्याची. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यातून निवृत्त झाले. ते ज्या रस्त्याने कारखान्याच्या बसने जायचे, त्याच रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत आता मुलगी जाते: कळव्याहून ठाणे, तिथे नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर येऊन ट्रान्स-हार्बर लोकल, मग ऐरोली. पदवीनंतर दोन वर्षं तिने ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये रात्रीची ड्यूटी केली. स्वतःच्या दवाखान्यासाठी गाळ्याचं डिपॉझिट जमेना. मग स्टेशनजवळच्या एका कोडिंग क्लासमध्ये तीन महिने काढले. तिथे शरीररचना शिकवली, जी तिला पाठ होती. प्रोसीजर कोडिंग शिकवलं, जे इथे जवळजवळ लागत नाही. आमचं खरं काम असलेलं एचसीसी, म्हणजे पैसे ठरवणारे आजारांचे गट, शेवटच्या चार दिवसांत उरकलं. "डॉक्टर आहात, तुम्हाला सोपं जाईल," असं तिला सांगितलं गेलं. बीएएमएस, फिजिओ, नर्सिंग, फार्मसी करून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवलं जातं. त्याचा निषेध करावा असं मला मनापासून वाटतं.

पैसा कुठून येतो

हे नीट समजल्याशिवाय तिची चूक समजणार नाही, म्हणून थोडं थांबून सांगते.

अमेरिकेत मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर आहे. त्यातल्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज या प्रकारात सरकार खासगी विमा योजनेला दर सदस्यामागे दरमहा ठरलेली रक्कम देतं. सगळ्यांसाठी एकच रक्कम ठेवली तर योजना धडधाकट म्हाताऱ्यांच्या मागे लागतील आणि हार्ट फेल्युअरवाल्याला दारात उभं करणार नाहीत. म्हणून २००४ पासून एचसीसी मॉडेल लागू आहे. वय, लिंग आणि आजार यांवरून प्रत्येक सदस्याचा रिस्क स्कोअर निघतो. सरासरी सदस्य म्हणजे १.०. यंदा नोंदलेल्या आजारांवर पुढच्या वर्षीची रक्कम ठरते, आणि एक जानेवारीला पाटी कोरी होते. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा पायसुद्धा हिशेबात दर एक जानेवारीला परत येतो. त्या वर्षीच्या एखाद्या भेटीत डॉक्टरने पुन्हा लिहिलं, तरच तो कोड धरता येतो.

आता मधुमेहाचंच बघा. मॉडेलच्या २४व्या आवृत्तीत घरी राहणाऱ्या, मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना नसलेल्या ज्येष्ठ सदस्यासाठी साध्या मधुमेहाचं वजन ०.१०५ होतं आणि दीर्घकालीन गुंतागुंत असलेल्या मधुमेहाचं ०.३०२. एका शब्दाने जवळपास तिप्पट. कागदावर नसलेला शब्द कोडरने मनाने घातला, तर सरकारी तिजोरीतून हक्क नसलेला पैसा निघतो, आणि त्या पैशामागे एक सही नसलेली समजूत असते. २८व्या आवृत्तीत मधुमेहाच्या त्या सगळ्या पायऱ्यांना ०.१६६ हे एकच वजन दिलं गेलं. पैसे देणाऱ्या गटांची संख्या ८६ वरून ११५ झाली, पण त्यांत बसणारे कोड सुमारे ९,८०० वरून ७,७७० वर आले. हा बदल २०२४च्या देयकांत ३३ टक्के, २०२५ मध्ये ६७ टक्के आणि २०२६ मध्ये पूर्ण, असा टप्प्याटप्प्याने आला. म्हणजे डॉक्टर शिकली तेव्हा पायाखालची जमीनही हलत होती.

कोड धरण्याचे नियम मात्र हलले नाहीत. रुग्णाचं नाव आणि भेटीची तारीख हवी. भेट समोरासमोरची हवी. लिहिणारा मान्य प्रकारचा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर हवा, आणि त्याची पदवीसह सही हवी. निदान त्याच्या शब्दांत हवं. बाह्यरुग्ण नोंदीत 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' असं असेल तर कोड नाही. शिवाय त्या आजाराकडे त्या दिवशी कोणी लक्ष दिलं, तपासलं, मोजलं किंवा उपचार केला, याची काहीतरी खूण हवी. ही शेवटची सवय फ्लोअरवर 'मीट' नावाने ओळखली जाते.

एकेचाळीस चुका

तीन महिन्यांत तिचं क्वालिटी, म्हणजे ऑडिटमध्ये बरोबर ठरलेल्या कामाची टक्केवारी, ८८ वर आलं. आमच्याकडे ९५ लागतं. नोव्हेंबरमध्ये टीम लीडने लेखी इशारा दिला आणि सहा आठवड्यांची सुधारणा मुदत दिली. त्या आठवड्यात मी तिच्या सगळ्या एरर एका ठिकाणी काढल्या. एकूण ४१ होत्या. आधीच्या प्रत्येक फीडबॅकमध्ये मी त्या सुट्या सुट्या पाहिल्या होत्या. एकत्र पाहिल्यावर मला बसल्या जागी लाज वाटली.

४१ पैकी २९ एकाच जातीच्या होत्या. औषध बघून आजार लावला होता: एलिक्विस हे रक्त पातळ करणारं औषध दिसलं, एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या ठोक्यांचा आजार टाकला. लॅब बघून आजार लावला होता: ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, एकदा ४२ आलं, किडनीच्या आजाराचा स्टेज ३बी, एन१८.३२ टाकला. छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टात महाधमनीत कॅल्शियम दिसतं असं होतं, म्हणून आय७०.०, महाधमनी कडक होण्याच्या आजाराचा कोड. रेडिओलॉजी रिपोर्ट एकटा कधीच आधार होत नाही आणि २४व्या आवृत्तीत हा कोड पैसे देणारा होता, म्हणजे ही चूक बारीकही नव्हती. बीएमआय ४१ म्हणून मॉर्बिड ओबेसिटी. बीएमआयचा आकडा नर्सच्या नोंदीतून घेता येतो, पण लठ्ठपणाचं निदान डॉक्टरनेच लिहिलेलं लागतं.

हे हलगर्जीपणाने घडलं नव्हतं. उलट ती फार लक्ष देऊन वाचत होती. नर्सिंग होममध्ये रात्री अडीच वाजता केस हातात आल्यावर ती जे करायची, तेच इथे करत होती: तुकडे गोळा करायचे आणि काय चाललंय ते ठरवायचं. तिच्या हातून एका जागी वैद्यकीय चूकही होत होती. ईजीएफआर एकदा कमी आल्याने किडनीचा जुनाट आजार ठरत नाही, तो तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. पण बाकीच्या बहुतेक चार्टमध्ये वैद्य म्हणून तिचा अंदाज बहुधा बरोबर होता. म्हणूनच मला तिला समजावता येत नव्हतं आणि तिला माझं पटत नव्हतं.

इशाऱ्यानंतर जे झालं ते जास्त वाईट. ती घाबरली. फ्लोअरवर डिसेंबर-जानेवारी म्हणजे धावपळ, कारण ३१ जानेवारीला जुन्या वर्षाचा डेटा पाठवायची शेवटची मुदत सहसा असते. चार्टचा ढीग, रोजचं टार्गेट, आणि ही मुलगी प्रत्येक कोडपुढे थबकायची. 'टाइप २ मधुमेह' एका ओळीत आणि 'सीकेडी ३बी', म्हणजे किडनीचा जुनाट आजार, तीन ओळी खाली असं असलं, तर ती ई११.९, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह, लावायची आणि किडनीचा कोड वेगळा टाकायची. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोडपद्धतीच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'विथ'चा नियम आहे. मधुमेह आणि सीकेडी यांचा संबंध गृहीत धरायचा, डॉक्टरने स्पष्टपणे वेगळं कारण दिलं असेल तेवढा अपवाद. म्हणजे तिथे ई११.२२, मधुमेहासोबतचा किडनीचा आजार, आणि एन१८.३२ ही जोडी हवी होती. जिथे संबंध जोडण्याचा नियमच होता, तिथेही ती आता जोडत नव्हती. एका शारीरिक तपासणीत 'डाव्या पायाचं गुडघ्याखाली अँप्युटेशन' स्पष्ट लिहिलेलं तिने सोडलं, कारण ते निदानांच्या यादीत नव्हतं. क्वालिटी ८८ वरून ९० झालं आणि प्रोडक्शन निम्म्यावर आलं.

आता माझी बाजू. तीन महिने मी तिला शेऱ्यांत 'नॉट सपोर्टेड', 'मिस्ड', 'रेफर गाइडलाइन' एवढंच लिहिलं होतं. एकदाही कारण लिहिलं नाही. माझ्याकडे रोज ठरावीक चार्टचं ऑडिट असायचं आणि कारण लिहायला वेळ लागतो. ही सबब तिला सांगायला मला आजही धीर होत नाही.

शिफ्टनंतरचा तास

जानेवारी संपल्यावर, २०२४च्या फेब्रुवारीत, आम्ही रोज एक तास बसायला लागलो. फ्लोअरवर फोन लॉकरमध्ये असतात, कागद-पेन चालत नाही. १९९६च्या हिपा कायद्यामुळे रुग्णाची माहिती कुठल्याही वाटेने बाहेर जाता कामा नये, हे बरोबरच आहे. म्हणून ट्रेनिंग रूममध्ये मी बनवलेल्या खोट्या चार्टवर काम करायचो. पांढऱ्या फळ्यावर दोन रकाने. डावीकडे तिला वैद्य म्हणून जे दिसतं ते सगळं, मोकळेपणाने. उजवीकडे लिहिणाऱ्याने सहीनिशी जे म्हटलं तेवढंच, त्याच्या शब्दांत. कोड फक्त उजव्या रकान्यातून.

डावा रकाना ठेवायचा का, यावर मी खूप विचार केला होता. आमच्यातले बहुतेक ट्रेनर सांगतात, डोक्यातला डॉक्टर घरी ठेवून या. मला ते चुकीचं वाटतं. माणूस जे पाहतो ते त्याला न पाहायला सांगितलं, की तो घाबरतो, आणि डिसेंबरात आम्ही ते अनुभवलं होतं. तिने जे पाहिलं त्याला जागा दिली, की उजवा रकाना आपोआप स्वच्छ राहायला लागला. तीन आठवड्यांनी फळा लागेना.

मग मार्चमध्ये तिने माझी चूक काढली.

चार्टमध्ये लिहिलं होतं: स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास, २०१९ मध्ये लम्पेक्टॉमी, म्हणजे गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, आणि टॅमॉक्सिफेनची गोळी चालू. तिने सक्रिय कर्करोगाचा सी५० मधला कोड लावला होता. मी एरर दिली: 'इतिहास' लिहिलंय, पूर्वी झालेल्या स्तनाच्या कर्करोगाचा झेड८५.३ हवा. अशा जागी बहुतेक कोडर निमूट मान्य करतात, कारण रिबटल, म्हणजे एररवरची लेखी हरकत, फेटाळला गेला तर वाईट दिसतं. तिने चार ओळींचा रिबटल पाठवला. ऑन्कॉलॉजीच्या आराखड्यात पुढच्या पानावर 'पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत अ‍ॅडज्युव्हंट टॅमॉक्सिफेन सुरू ठेवा' असं आहे. गाठ काढली तरी त्या जागेवरचा उपचार चालू असेल तर तो संपेपर्यंत मूळ कर्करोगाचाच कोड द्यायचा, असं मार्गदर्शक तत्त्वांत कर्करोगाच्या प्रकरणात म्हटलं आहे. पुन्हा होऊ नये म्हणून फक्त प्रतिबंधक गोळी असती तर मी झेड८५.३ दिला असता, असंही तिने पुढे लिहिलं. मी पुढचं पान वाचलं नव्हतं. रिबटल मान्य केला आणि टीमच्या हडलमध्ये, म्हणजे छोट्या बैठकीत, उभं राहून सांगितलं की चूक माझी होती.

उपचार म्हणून दिलेली गोळी आणि प्रतिबंध म्हणून दिलेली गोळी यांतला फरक शोधायला कुठे बघायचं, हे तिला माहीत होतं, कारण ती डॉक्टर आहे. कोड मात्र तिने कागदावरच्या वाक्यावर लावला. त्या दिवसापासून ती मला मॅम म्हणायची थांबली, ताई म्हणायला लागली.

नोकरी बदलण्याचा प्रश्न

मेमध्ये तिला महापेच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार साधारण तीस टक्के जास्त. मी तिला फक्त एक प्रश्न विचारायला सांगितला: "तुमच्या प्रोजेक्टमध्ये डिलीट घेता का?" म्हणजे योजनेने आधी पाठवलेला कोड चार्टमध्ये टिकत नसेल, तर कोडर तो नोंदवतो का? उत्तर आलं, "आम्ही फक्त अ‍ॅड करतो."

नुसते कोड वाढवायचे आणि न टिकणाऱ्यांकडे पाठ फिरवायची, या एकतर्फी कामावरून अमेरिकेत खटले झाले आहेत. तिथल्या कायद्यानुसार जादा मिळालेली रक्कम ओळखल्यावर योजनेला ती ६० दिवसांत परत करावी लागते. कॅलिफोर्नियातल्या सटर हेल्थने ऑगस्ट २०२१ मध्ये न टिकणाऱ्या निदानांच्या आरोपांवरून ९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०२३ मध्ये धोक्याच्या निदानांची यादीच काढली. त्यात बाह्यरुग्ण विभागात लावलेला ताजा स्ट्रोक आहे, ताजा हार्ट अटॅक आहे, उपचार संपलेला कर्करोग आहे. फक्त अ‍ॅड करणाऱ्या प्रोजेक्टवर दोन वर्षं काढलेल्या कोडरला डिलीट दिसत नाही. पुढे तिला ऑडिटर करणं कठीण जातं. मुलाखती घेताना मी हे पाहिलं आहे. ठाण्यातल्या मुलांना ऑफर लेटरवरचा आकडा मोठा दिसतो, आणि घरभाडं पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण हा प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही.

तिने नकार दिला. सोपं नव्हतं, कारण धाकट्या भावाची फी त्याच महिन्यात होती. सहा महिन्यांनी आमच्याकडेच वाढ मिळाली, ती तीस टक्के नव्हती.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. ती सीपीसी, म्हणजे सर्वसाधारण कोडिंगचं प्रमाणपत्र, करणार होती, कारण जाहिरातीत तेच असतं. मी सीआरसी, म्हणजे रिस्क कोडिंगचं प्रमाणपत्र, आधी कर म्हटलं, कारण ती जे काम करते त्याचीच ती परीक्षा आहे: १०० प्रश्न, चार तास, ७० टक्के, कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या प्रयत्नात झाली. ज्याला हॉस्पिटल किंवा फिजिशियन कोडिंगकडे जायची वाट मोकळी ठेवायची आहे, त्याने सीपीसी आधी करावं. पण अनुभव नसताना ते सीपीसी-ए, म्हणजे शिकाऊ कोडर, म्हणून मिळतं आणि तो 'ए' काढायला वेळ जातो, हे क्लासवाल्यांकडून आधी विचारून घ्यावं.

डाव्या रकान्याची नोकरी

२०२५च्या सुरुवातीला आमच्याकडे भेटीआधीच्या तपासणीची छोटी टीम सुरू झाली. यात रुग्ण डॉक्टरकडे जाण्याआधी त्याचे जुने कागद वाचायचे आणि जिथे पुरावा आहे पण निदान लिहिलेलं नाही, अशा जागा दाखवायच्या. मेटफॉर्मिन आहे, एचबीए१सी ८.२ आहे, निदान नाही. तिच्या पहिल्या चुकीचंच हे काम होतं, फक्त योग्य दारातून आलेलं. अंतर्गत जागेसाठी तिचं नाव मी स्वतः पुढे केलं.

तिथेही शिस्त आहे. डॉक्टरला 'मधुमेह लिहा' असं सांगता येत नाही. त्याच्या तोंडी शब्द घालणारी क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, चालत नाही. पुरावे मांडायचे, पर्याय द्यायचे, त्यांत 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हेही ठेवायचे, आणि पैशाचा उल्लेख करायचा नाही. तिची पहिली क्वेरी मीच परत पाठवली. त्यात तिने लिहिलं होतं, 'रुग्णाला स्पष्टपणे टाइप २ मधुमेह आहे, कृपया नोंद करावी.' डावा रकाना उजव्यात सांडला होता. दुसरी क्वेरी नेमकी होती: औषध, मात्रा, दोन तारखांचे एचबीए१सी, आणि खाली चार पर्याय.

मशीनचं विचारतात सगळे, म्हणून तेही सांगते. सॉफ्टवेअर आता चार्ट वाचून कोड सुचवतं आणि पुष्कळ वेळा बरोबर सुचवतं. पण ते 'वडिलांना हार्ट फेल्युअर' हे रुग्णाच्या नावावर टाकतं आणि छापील यादीतलं 'सीएचएफ नाही', म्हणजे हार्ट फेल्युअर नाही, हे 'सीएचएफ' म्हणून उचलतं. ते कोणीतरी खोडावं लागतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेत मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसने जाहीर केलं की मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या सगळ्या पात्र करारांचं दर वर्षी ऑडिट करू, आणि त्यासाठी आपले कोडर ४० वरून सुमारे २,००० करू. नुसतं पानं उलटून कोड टिपण्याचं काम कमी होईल असं मला वाटतं. एखादा कोड टिकतो की नाही हे सांगता येणाऱ्या माणसाला काम राहील. फ्रेशर मुलांची पहिली पायरी मात्र त्यामुळे उंच झाली आहे आणि त्याची मला काळजी वाटते.

आज तिचं क्वालिटी ९७ च्या आसपास आहे. पाचशे पानांच्या चार्टवर तिचा वेग अजून कमी पडतो. तिच्यापुढे आता दोन जागा आहेत. एक भेटीआधीच्या टीममध्ये सीनियर म्हणून. अमेरिकेतल्या डॉक्टरांशी बोलावं लागत असल्याने शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, कंपनीची गाडी कळव्यापर्यंत सोडते. दुसरी माझ्या शेजारची, ऑडिटरची, दिवसाची. आईला दिवसाची हवी आहे. वडील म्हणाले, त्यांनी एकतीस वर्षं पाळ्या केल्या, रात्रीचं काम वाईट नसतं, पण ज्या कामात मन लागतं तेच घे. तिने मला विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण ती माझ्या शेजारी यावी अशी माझीच इच्छा आहे. या महिन्याच्या अखेरीला तिला कळवायचं आहे.